करिझ्माचं इंजिन, मोटारीचा टर्बो आणि मुरमाचा चढ: धुळ्यातलं एक प्रकरण

घरी बांधलेल्या डर्ट बाईकला, म्हणजे माती-मुरमावर चालवायच्या मोटरसायकलला, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) बसवावा का, हा प्रश्न धुळ्यातल्या एका काका-पुतण्यांनी नुसता गप्पांत ठेवला नाही. त्यांनी टर्बो बसवला, गाडी चालवली आणि शेवटी तो उतरवलाही. या कामातली आकडेमोड माझ्याकडे होती. गाडीतलं इंजिन मला तोंडपाठ आहे आणि एका सिलिंडरवर टर्बो हा विषय वर्गात शिकवताना नेहमी अर्धवट राहतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय. नावं देत नाही, त्यांची गरजही नाही. काकांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकचं काम करणारे कारागीर इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पंपवाले, नोझलवाले, कमानपाटेवाले, टर्बोवाले, सगळे. नानांचं आयुष्य डिझेल गाड्यांचे टर्बो खोलण्यात गेलं. शाफ्ट किती सैल आहे ते बोटानं हलवून सांगतात आणि मोजायची डायल लावून पाहिलं तर फारसा फरक निघत नाही. पुतण्या अवधानच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. वेल्डिंगचा हात इतका साफ आहे की त्याच्या फ्रेमचे सांधे मी मुद्दाम निरखून पाहिले.

गाडी त्यानं स्वतः बांधली. फ्रेम बिनजोड पोलादी नळीची, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. इंजिन भंगारातून आणलेलं, पहिल्या पिढीच्या हिरो होंडा करिझ्माचं. हे इंजिन उगाच निवडलेलं नव्हतं. २००३ साली आलेल्या करिझ्माचं २२३ सीसी इंजिन होंडाच्या सीआरएफ २३० या डर्ट बाईकच्या घराण्यातलं आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५.५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ६६.२, कॉम्प्रेशन म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते ९ ला १, हवेनं थंड होणारं, कार्बोरेटरवर चालणारं. स्ट्रोक बोअरपेक्षा किंचित लांब आहे. म्हणून खालच्या फेऱ्यांत ते चांगलं ओढतं. रस्त्यावर या इंजिनाची ताकद १७ अश्वशक्ती धरली जाते.

गाडीला नोंदणी नव्हती आणि मिळणारही नव्हती. ती फक्त घरच्या शेतात आणि शेताला लागून असलेल्या त्यांच्याच बरडावर चालायची. ज्यांना नोंदणी झालेल्या गाडीवर असं काही करायचा मोह होतो, त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२अ वाचावं. परवानगीशिवाय गाडीत मूळ रचनेच्या विरुद्ध बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काका-पुतण्यांनी गाडी रस्त्यावर आणली नाही. ती ने-आण टेम्पोतून व्हायची.

तक्रार काय होती?

बरडावर एक मुरमाचा चढ आहे. सुटा मुरूम, मध्ये पावसाच्या पाण्यानं पडलेली घळ, वरच्या टोकाला काळ्या दगडाचा कातळ. पुतण्या पहिल्या गिअरमध्ये चढला की मागचं चाक मुरूम उडवत जागेवर फिरायचं. दुसरा टाकला की निम्म्या चढावर इंजिन दम सोडायचं. त्याला दुसऱ्या गिअरमध्येच चढ पार करायचा होता. बाहेरच्या देशांतल्या पोरांनी छोट्या गाड्यांना टर्बो लावलेले त्यानं पाहिले होते. नानांच्या फळीवर एक चांगला टर्बो पडूनच होता. दोन गोष्टी जुळल्या आणि काम ठरलं.

इथं मी पहिला प्रश्न विचारला: चढावर इंजिन दम सोडतं तेव्हा त्याचे मिनिटाला फेरे किती असतात? त्यानं फेरे दाखवणारा टॅकोमीटर बसवलाच नव्हता. करिझ्माचा जुना मीटर शोधून जोडला. दम सुटायचा तो ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या मध्ये. पुढचं सगळं प्रकरण या एका आकड्याभोवती फिरतं.

टर्बोचं तत्त्व जुनं आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूनं एक चक्र (टर्बाइन) फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्रानं (कॉम्प्रेसर) हवा दाबून इंजिनात भरायची. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं. पण ते चक्र फिरायला पुरेसा वायू हवा, आणि तो सतत हवा. फोरस्ट्रोकच्या एका सिलिंडरचं एक्झॉस्ट दोन फेऱ्यांत एकदाच फुंकर मारतं. दोन फुंकरींच्या मध्ये टर्बाइन आपल्या वेगावरच तरतं. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या, बाजूचं दुखणं याच्या उलट. कॉम्प्रेसर सतत हवा ढकलतो आणि इंजिन मात्र चारपैकी एकाच स्ट्रोकला ती घेतं. बाकी तीन स्ट्रोक ती हवा जाणार कुठं?

या दुसऱ्या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटीत अॅमॉस विंटर यांच्या गटानं शोधलं. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला टर्बो लावून मध्ये हवेची एक टाकी ठेवायची. इनटेक बंद असताना हवा टाकीत साठते आणि उघडला की तिथून आत जाते. विकसनशील देशांतले छोटे ट्रॅक्टर, पाण्याचे पंप आणि जनरेटर त्यांच्या डोळ्यापुढे होते. खान्देशात कुठल्याही विहिरीवर ज्यानं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केलंय, त्याला या कामाचं मोल लगेच कळेल. पण पंपाचं इंजिन तासन्‌तास एकाच फेऱ्यावर चालतं. डर्ट बाईकचं थ्रॉटल (अॅक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) मात्र एका चढावरच कितीतरी वेळा उघडतं आणि मिटतं. टाकी भरायला लागणारा वेळ पंपावर कुणाला जाणवतही नाही, इथं त्याच वेळात गाडी घळीत जाते.

हवेचा हिशेब

नानांच्या फळीवरचा टर्बो ७९३ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा होता. हे इंजिन २०१५ साली मारुतीच्या सेलेरिओत आलं होतं. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या मोटारींच्या टर्बोंत हा अगदी लहान. पण लहान म्हणजे कशाच्या मानानं, ते मोजायला हवं होतं.

२२३ सीसी इंजिन ७,००० फेऱ्यांवर मिनिटाला ३,५०० वेळा हवा ओढतं. म्हणजे सुमारे ७८० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून ८५ टक्के धरले आणि उन्हाळ्यातल्या हवेची घनता लावली, तर सेकंदाला साधारण १२ ग्रॅम हवा निघते. ४,००० फेऱ्यांवर हाच आकडा ७ ग्रॅमवर येतो. आता ते डिझेल इंजिन घ्या. २,००० फेऱ्यांवर, टर्बो दुप्पट दाबानं भरत असताना, त्याला सेकंदाला २४ ग्रॅमच्या आसपास हवा लागते. ३,५०० फेऱ्यांवर ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे आमची बाईक जीव तोडून ओढेल तेव्हाही, मोटारीत टर्बो नुकता जागा होतो त्या टप्प्याच्या निम्म्यावर असणार. आणि चढावर जिथं दम सुटतो, तिथं चतुर्थांशाच्या थोडं वर. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा गरम असतो, त्यामुळे टर्बाइनला थोडी जास्त ऊर्जा मिळते हे खरं. पण ही तूट त्यानं भरून निघणारी नव्हती.

हा कागद पाहण्याआधीच नानांनी टर्बाइनच्या तोंडात अंगठा घालून पुतण्याला सांगितलं होतं, "हाऊ तुना इंजिनले मोठा पडी भो." माझी आकडेमोड त्याच उत्तरावर पोचली.

तरीही पुतण्याला करून पाहायचं होतं, आणि नानांनी त्याला अडवलं नाही. ते मला योग्य वाटलं. ज्याच्या हातात वेल्डिंग आहे त्याला एकदा दाबाचा काटा प्रत्यक्ष पाहू द्यावा. कागदावरच्या सात ग्रॅममधून त्याच्या हाताला काही कळत नाही.

आणखी एक हिशेब मी आधीच मांडून ठेवला. हवा दाबली की तापते. जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे मे महिन्यात ४५ अंश नवे नाहीत. ४५ अंशांची हवा ०.४ बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) जादा दाबानं भरली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या वर जाते. दाब ४० टक्क्यांनी वाढतो, पण हवा तापून फुगल्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात जाणारं वजन वाढतं सुमारे १८ टक्के. ०.२ बारवर हा फायदा जेमतेम ९ टक्के उरतो. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, लावला तर यातलं काही परत मिळतं. पण चढावर गाडीचा वेग कमीच, मग इंटरकूलरवर वारा येणार कुठून?

जुळणीतल्या अडचणी

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचवणं ही पहिली अडचण. कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवला, तर थ्रॉटल मिटल्यावर कॉम्प्रेसरच्या बाजूला निर्वात होतो आणि डिझेलसाठी बनवलेलं सील बेअरिंगचं ऑइल आत खेचू देतं. डिझेल इंजिनाला सहसा थ्रॉटलची झडप लागत नाही, त्यामुळे त्या सीलवर ही वेळ फारशी येत नाही. म्हणून कार्बोरेटर टर्बोच्या नंतर, दाबाखाली ठेवला. मग कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीची (फ्लोट चेंबर) हवेची नळी आणि स्लाइडच्या डायफ्रामखालची वाट, दोन्ही त्याच दाबाला जोडाव्या लागल्या. तसं केलं नाही, तर दाबलेली हवा पेट्रोलला जेटमधून (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वर येऊच देत नाही. एवढं झाल्यावर टाकीतून पेट्रोल नुसतं उतारानं खाली येईना. ०.४ बारच्या विरुद्ध पेट्रोल उतरवायचं तर टाकी साडेपाच मीटर उंच बांधावी लागेल. शेवटी विजेचा छोटा पंप आणि दाबाप्रमाणे बदलणारा रेग्युलेटर बसवला.

ऑइलवर नाना सर्वांत जास्त वेळ थांबले, आणि मला ते पटलं. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्याला स्वच्छ ऑइल दाबानं आणि न थांबता हवं. या इंजिनाचा क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे ऑइल पंपाकडून मोठ्या दाबाची अपेक्षाच नाही. ऑइलही जेमतेम लिटरभर, आणि त्याच ऑइलात क्लच बुडालेला. म्हणजे क्लच प्लेटचा झिजलेला चुरा थेट टर्बोच्या बेअरिंगमध्ये. शिवाय हेडकडे जाणारं ऑइल वाटेत वळवलं तर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट कोरडा पडायची भीती. नानांनी इंजिनाच्या ऑइलला हात लावू दिला नाही. टर्बोसाठी वेगळी डबी, वेगळा फिल्टर, वेगळा विजेचा पंप. टर्बोखालून परत जाणारी नळी जाड आणि सरळ खाली सोडलेली. ही नळी बारीक किंवा वाकडी असली की ऑइल तुंबतं, सीलमधून बाहेर पडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत शहाणं पाऊल हेच होतं. परदेशातही काही टर्बो स्वतःच्या अंगातच ऑइल बाळगणारे येतात, ते याच कारणासाठी. फक्त गाडीचा चार्जिंग कॉइल दोन पंप आणि प्लग, सगळं मिळून फार वेळ पेलणारा नव्हता. चाचणी बॅटरी भरून आणि थोड्या-थोड्या वेळानंच करावी लागली.

हवेची टाकी तीन इंची नळीची, दोन्ही तोंडं बंद करून, साधारण एक लिटरची. म्हणजे इंजिनाच्या क्षमतेच्या साडेचार पट. टर्बाइनचं कवच पेट्रोलच्या टाकीपासून आणि उजव्या मांडीपासून लांब, पुढच्या नळ्यांच्या आड ठेवलं आणि त्यावर पत्र्याची ढाल घातली. लाल होणाऱ्या लोखंडाशेजारून ऑइलची नळी जाते, आणि ती मे महिन्यातल्या वाळल्या गवतावर. म्हणून चाचणीच्या वेळी पाण्याचे ड्रम आणि फायर एक्स्टिंग्विशर दोन्ही शेतात होते. याबाबत काका-पुतण्यांचं कौतुक करायलाच हवं.

कॉम्प्रेशन कमी करायचं का, यावर बराच वाद झाला. १९८२ च्या होंडा सीएक्स ५०० टर्बोत कंपनीनं मूळ १० चं कॉम्प्रेशन ७.२ वर आणलं होतं. जपानच्या आयएचआय कंपनीकडून खास छोटा टर्बो करून घेतला होता आणि संगणकावर चालणारं फ्युएल इंजेक्शन दिलं होतं. तेही दोन सिलिंडर होते. यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांनीही त्याच काळात टर्बो गाड्या काढल्या आणि काही वर्षांतच चारही कंपन्यांनी त्या बंद केल्या. आपल्या इंजिनाचं ९ चं ७.५ करायचं तर ब्लॉकखाली जवळजवळ २ मिलिमीटरची पट्टी घालावी लागते. त्यानं कॅमची वेळ किंचित मागे पडते आणि टर्बो जागा नसताना इंजिनाची ताकद पाच-सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे जिथं आधीच दम कमी, तिथं आणखी कमी. पट्टी घातली नाही.

काय घडलं

स्टँडवर गाडी सुरू झाली, टर्बो फिरला, आवाज गोड आला. पुतण्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. मग गाडी चढावर नेली.

दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आधीपेक्षा खाली थांबली. दाबाचा काटा शून्यावरून हललाच नाही. टर्बाइन पुरेसं फिरत नव्हतं, म्हणून ते धुराड्यातला नुसता अडथळा होऊन बसलं. जळलेला वायू पूर्ण बाहेर पडेना, म्हणून नवी हवा कमी आत जायची. त्यात टर्बो, टाकी, पंप आणि नळ्यांचं वजन. थ्रॉटल आणि इंजिन यांच्यातला जो थेटपणा डर्ट बाईकवर माणसाला सांभाळतो, तोही मंदावला होता.

नांगरट न केलेल्या सपाट तुकड्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ७,००० च्या वर नेल्यावर काटा ०.२ बारच्या आसपास चढला. तिथं खेच जाणवली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण थ्रॉटल सोडताच कॉम्प्रेसरमधून फडफड ऐकू आली. हवेला पुढे वाट नाही म्हणून ती चक्रातून मागे उलटत होती. आणि त्या वेगावर काही वेळ ठेवल्यावर इंजिनातून टणटण सुरू झाली. नानांनी हात वर केला आणि गाडी बंद करायला लावली.

प्लग काढला. पोर्सेलिन पांढरं पडलं होतं आणि त्यावर बारीक चकाकते कण होते. ते कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे. नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी झटक्यात पेटण्याची, ही ओळख आहे. कारणं तीन एकत्र आलेली दिसतात. ०.२ बारलाही हवा ८० अंशांच्या घरात गेली असणार. पंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल एक किलोला साडेतेरा किलोच्या आसपास हवा मागतं, साधं पेट्रोल १४.७ मागायचं. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आधीच पातळ होतं, आणि पुतण्यानं मोठा जेट घातला तो वरच्या फेऱ्यांना पुरेसा नव्हता. तिसरं, या गाडीचं इग्निशन आधीच ठरवून दिलेल्या हिशेबानंच ठिणगी देतं. दाब वाढला म्हणून ठिणगी मागे घेण्याची सोय त्यात नाही. इथेनॉल स्वतः नॉकिंगला विरोध करतं, त्यामुळे बहुधा पिस्टन वाचला. नंतर कॉम्प्रेशन तपासलं तर ते शाबूत निघालं.

टर्बो उतरवला.

आता मूळ तक्रारीकडे. चढावर ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांत चाकाला ताकद कमी पडत होती. पुतण्यानं मागचं चेन-स्प्रॉकेट बदललं, दात साधारण १५ टक्क्यांनी वाढवले. त्यानं चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक फेऱ्यावर, थ्रॉटल उघडल्या क्षणापासून १५ टक्क्यांनी वाढतो. ०.४ बारचा टर्बो सगळं मनासारखं झालं असतं तर १८ टक्के देणार होता, आणि तेही फक्त वरच्या टोकाला. बदल्यात गाडीचा सर्वांत जास्त वेग घटला. बरडावर त्याचं कुणाला काही नाही. याशिवाय मेन जेट इथेनॉलच्या हिशेबानं एक पायरी वाढवला, कमी फेऱ्यांवरचा पायलट जेटही थोडा उघडला, आणि मागच्या टायरची हवा कमी केली. या शेवटच्या गोष्टीनं पहिल्या गिअरमध्ये मुरूम उडायचं बरंच थांबलं, आणि तिला काहीच खर्च नव्हता.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ पार करते. कातळाजवळ क्लच थोडा दाबावा लागतो.

टर्बोचं चक्र नानांनी खोलून पाहिलं. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा एवढ्याशा चालवण्यानं किंचित खरखरीत झाल्या होत्या. बरडावरची धूळ फिल्टरच्या रबरी जोडातून आत गेली होती. मोटारीला तो आता देणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या एका भावाच्या शेतावर विहिरीचं जुनं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. हवेची एक लिटरची टाकी तयार आहे, वेगळ्या ऑइलची डबीही तयार आहे. फेरे एकच, थ्रॉटल नाही, वजनाची चिंता नाही. पण ते इंजिन या बाईकपेक्षाही संथ फिरतं, म्हणजे सेकंदाला हवा पुन्हा कमीच. त्याला याहून बराच लहान टर्बो लागेल. तो आपल्याकडे कुठं मिळेल याचा शोध नाना घेतायत, आणि इंजिनाची क्षमता व फेरे त्यांनी मला या वेळी आधीच लिहून पाठवलेत.